झिऱ्यात बादली घालू नये

ऐका हो ऐका. येरमाळा, वाशी आणि पंचक्रोशीतल्या तमाम मेंढपाळ बांधवांना, त्यांच्या कारभारणींना, घोड्यांना आणि कुत्र्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की ‘पाणवाट’ ग्रुपचे संस्थापक, चालक आणि एकमेव अ‍ॅडमिन श्री. बिरुदेव यांनी जग सोडले असले तरी पदभार सोडलेला नाही. त्यांच्या मंजुरीशिवाय ग्रुपात नवा माणूस घेता येत नाही, आणि मंजुरी देण्याच्या परिस्थितीत ते सध्या नाहीत. तरी सर्वांनी धीर धरावा.

ही दवंडी मी रिक्षातून दिली नाही, बिरू. मनातल्या मनात दिली. तू ऐकली असतीस तर आधी हसला असतास आणि मग म्हणाला असतास, “भोंग्या, आवाज कमी.”

तुझी खरी दवंडीही मीच दिली. आजवर या रिक्षातून मी हरवलेल्या म्हशी, पोलिओचे डोस, कुस्त्यांचे फड आणि माणसांची मरणं एकाच सुरात जाहीर केली. तुझी बातमी तर आधीच ग्रुपवर पडली होती. तरी रुक्मिणीवहिनी म्हणाल्या, “भावजी, तितं नुसती हात जोडल्याली चित्रं यायलीत. तुमी तोंडानं सांगा.” मी माईक हातात घेतला आणि ‘ऐका हो’ वगळलं. नुसतं म्हणालो, “बिरू गेला. दुपारी नेणार आहेत.” लोक घराबाहेर आले ते बातमीनं नाही. मी एवढं थोडक्यात बोललो याचाच त्यांना धसका बसला.

वहिनींनी तुझा फोन अजून देवळीत चार्जिंगला लावून ठेवलाय. ग्रुपवर कुणाचा निरोप आला की तो वाजतो, आणि घरातलं माणूस हातातलं काम थांबवून तिकडं बघतं. उघडत कुणाला नाही. कुलूप आहे आणि किल्ली तुझ्या बोटात होती. साऱ्या जगाला ‘उघडं ठेवा, उघडं ठेवा’ म्हणून सांगत फिरलास आणि स्वतःचा फोन तेवढा बंद करून गेलास. ग्रुपात नवीन माणसं घ्यायचं कामही तू स्वतःकडंच ठेवलं होतंस, सकाळी सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या फुलांना वैतागून. आता फुलं येत नाहीत. माणसंही येत नाहीत.

आपली नकाशा करायची संस्था आठवते का? काय विचारतोय मी. तिचं नाव एवढं लांब होतं की शिक्क्यात मावेना. शेवटचा शब्द गोल फिरून पहिल्या शब्दाला धडकायचा. कचेरी म्हणजे हायवेच्या कडेचं माझं मंडपाचं गोदाम. खुर्च्यांच्या थप्प्या, साऊंडची खोकी, आणि त्यांच्यामध्ये कुणीतरी टाकून दिलेला तो कॉम्प्युटर. तू वाशीच्या शाळेत क्लार्क. शाळा सुटली की मोटरसायकल घेऊन इकडं यायचास. पहिल्याच आठवड्यात तू त्या कॉम्प्युटरमधलं होतं नव्हतं ते पुसून कसलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर भरलंस. मी विचारलं, “फुकट म्हणजे चोरीचं का?”

“तुमच्या घरचं विरजण संपलं तर वहिनी काय करत्यात?” तू उलटा प्रश्न केलास.

“शेजारणीकडं वाटी घेऊन जाते.”

“शेजारणीचं दही कमी व्हतं का?”

“नाही.”

“आन् तिचं नासलं की ती तुमच्याकडं येती. मंग सांग, गल्लीतलं दही कुणाचं?”

 तू म्हणालास, कुणीतरी विरजण लावून ठेवलंय, आपण वाटीभर आणलं, आपलं चांगलं लागलं तर पुढच्याला द्यायचं. नकाशाही तसाच. जगातल्या कुणीही त्यात भर घालावी, कुणीही वापरावा. मी हार मानणारा नव्हे. म्हणालो, “पण दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत.” तू खो खो हसलास. “तेवढी अट आमच्यात न्हाय.”

ती अट पुढं आपल्या दोघांच्या मध्ये येऊन बसली, बिरू. तेव्हा आपण तिच्यावर चहा प्यालो.

नकाशाचं वेड तुला कशानं लागलं ते मला माहीत होतं. तुझे वडील दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन डोंगरावरून सोनारीकडं उतरायचे. कळप पाजायला तळी होती, विहिरी होत्या, पण माणसांसाठी आणि कोकरांसाठी वाटेवर झिरे होते: कोरड्या ओढ्याच्या वाळूत हातानं उकरलेले खळगे, ज्यात गोडं पाणी हळूहळू पाझरत राहतं. कुठल्या वळणावर कुठला झिरा, हे तुझ्या वडिलांना माहीत होतं आणि त्यांनाच माहीत होतं. ते एका दुपारी बसल्या जागी गेले. पुढच्या उन्हाळ्यात आई तुला घेऊन त्याच वाटेनं निघाली आणि ओढा उकरून उकरून तिची नखं गेली. शेवटी एका विहिरीवर गेली, तर मालकानं तिच्याकडं, तिच्या घोंगडीकडं बघितलं आणि विहीर कोरडी आहे म्हणून सांगितलं. तू पाण्याचा आवाज ऐकत उभा होतास. हे तू मला एकदाच सांगितलंस, खुर्च्या पुसता पुसता. “बाप मेला, त्याच्यासंगं पाणी मेलं,” म्हणालास आणि पुढची खुर्ची घेतलीस.

म्हणून ‘पाणवाट’. वाटेवरच्या बायाबापड्यांनी बोलून निरोप पाठवायचे, तू ते नकाशावर टिपायचे आणि आईनं ऐकून पाठ करायचे. काय एकेक निरोप. “बिरूदादा, लिंबाच्या मळ्यात पानी हाय, मालक कडू हाय, मालकीन ग्वाड हाय.” “हितलं कुत्रं लई वंगाळ, पर पानी चांगलं.” तू डोक्याला हात लावायचास, कारण जगाच्या नकाशात गोड मालकीण दाखवायची सोय नव्हती. परदेशातल्या कुणा नकाशावाल्याला तू इंग्रजीत लिहून विचारलंसही, की वाईट कुत्र्यासाठी काही खूण आहे का. त्यानं फार सभ्यपणे उत्तर दिलं. त्याला कुत्रं कळलं, वंगाळ कळलं नाही.

आणि मग गावकऱ्यांना नकाशाचा शोध लागला. तो आठवडा मी मरेपर्यंत लोकांना सांगणार आहे. कुणालाही बदल करता येतो म्हटल्यावर आपल्या लोकांनी काय केलं असेल? बांध कोरला. शेजारच्या शेतात रोज टीचभर नांगर घालून बांध सरकवायची जी पिढीजात विद्या आहे, ती त्यांनी फोनवर चालवली. दत्तूकाकानं झाडाखाली बसून बोटानं बांध सरकवला. त्याच्या चुलतभावानं एस्टीत बसून परत आणला. बांध दिवसभर चालत होता. मला वाटलं, तू आता नकाशाला कुलूप घालतोस. तू मात्र खूश. दोघांना गोदामात बोलावलंस आणि स्क्रीनवर दाखवलंस, कोणी, कधी, कुठं हात घातला, सगळं नावानिशी.

“शेतात कोरला तर पुरावा न्हाय,” तू म्हणालास. “हितं नकाशाच चुगली करतो.”

दत्तूकाकानं स्क्रीनवर बोट ठेवलं. मग चुलतभावाला म्हणाला, “तू एस्टीत कुटं निगाला व्हतास रं, मला न सांगता?”

त्या दिवसापासून तुझा उघडेपणावर विश्वास बसला तो बसलाच. चोराला चोरी करू द्या, फक्त ती उजेडात करू द्या, असं तू म्हणायचास. मलाही पटलं होतं. खोटं कशाला बोलू.

आता ती गोष्ट, जिच्यापाशी आलो की माझा आवाज खाली जातो.

डोंगराखालच्या ओढ्यातला तो झिरा आईचा. आईनं तो तिच्या आईकडून घेतलेला, माहेरच्या वाटेवरचा, तुझ्या वडिलांच्या वाटेपासून लांब. त्याची रीत तुला पाठ होती, मलाही तूच शिकवलीस. झिऱ्यात बादली घालायची नाही. करवंटीनं घ्यायचं, थांबायचं, भरू द्यायचं. जाताना वर चपटा दगड ठेवायचा आणि दगडावर तरवडाची फांदी. फांदी ताजी दिसली तर समजायचं, आत्ताच कुणी पिऊन गेलंय, पाणी दमलंय. मग तहान असली तरी बसून राहायचं. एकदा आपण दोघं तिथं असेच बसलो होतो. फांदीची पानं मलूल होईपर्यंत. मी बोलायला लागलो तर तू ओठावर बोट ठेवलंस. एवढा वेळ गप्प मी त्याआधी कधी बसलो नव्हतो, आणि मला ते आवडलं होतं. हे तुला सांगायचं राहिलं.

तू तो झिरा नकाशावर टाकलास. आईला विचारून टाकलास, ती म्हणाली, “तहानल्याला सांगायचं आसतं, बाबा.” तू खाली टीपही लिहिलीस: बादली घालू नये. टीप नकाशात होती, पण ती वाचायला खुणेवर बोट दाबून खाली खाली जावं लागायचं. तितकं खाली कोण जातं?

कुणीतरी एक व्हिडिओ केला. कोरड्या ओढ्यात लपलेलं अमृत, खाली ढोलाचं संगीत. तो फिरत फिरत आपल्याच ग्रुपवर आला आणि आपल्याच लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ एका गावच्या हौशी मंडळानं ठरवलं, झिऱ्याचं पुनरुज्जीवन करायचं. वाईट माणसं नव्हती, बिरू. वाईट असती तर आपल्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी जेसीबीला हार घातला, नारळ फोडला आणि झिरा खोल केला. वाळूखाली जो कडक थर होता, ज्याच्या जिवावर पाणी तिथं तरंगून राहिलं होतं, तो फुटला. आपण मोटरसायकलवरून पोचलो तेव्हा एक ऐसपैस खड्डा होता आणि त्याच्या तळाशी ओली माती, जी आपल्यादेखत वाळत होती.

आणि तुला बघून पोरं धावत आली. कारण नकाशा तुझा, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तुझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. “सर, तुमच्यामुळं आमाला झिरा सापडला,” असं एकानं माईकवर सांगितलं. माईकची शिट्टी वाजत होती. माझा असता तर वाजू दिली नसती. तू नारळ घेतलास. मान हलवलीस.  मी बोलायला पुढं झालो, तर तू माझा दंड धरलास, एवढा घट्ट की वळ उठले.

घरी आई उंबऱ्यात बसली होती. शालीकडं बघून तिनं विचारलं, “कशाचा रं सत्कार?”

“झिऱ्याचा.”

तिनं शालीचं टोक चाचपलं. मग म्हणाली, “बादली घातली का कुनी?”

“न्हाय, आई,” तू म्हणालास. “जेसीबी घातला.”

त्यानंतर आपलं भांडण झालं. गोदामात, खुर्च्यांच्या मध्ये. मी म्हणालो, बाकीचे झिरे नकाशावरून काढून टाक. म्हातारे मेंढपाळही तेच म्हणत होते, पण तुझ्यासमोर बोलायला कुणी तयार नव्हतं, आणि तू होतास तोवर नकाशाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

“कामून काढू?” तू विचारलंस.

“कामून म्हणजे? आज एक गेला, उद्या दुसऱ्याचा सत्कार होईल.”

“मंग विहिरीला कुलूप घालनारा आन् आपण एकच की.”

“कुलूप नव्हे रे. दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, त्याला कुलूप म्हणतात का? शेजारीण निदान मागणाऱ्याचं तोंड तरी बघते.”

तू माझ्याकडं बघितलंस. “तोंड बगूनच तर आमाला पानी न्हाय दिलं, भोंग्या.”

  तू मोटरसायकलला किक मारलीस आणि “बघू” म्हणालास. आपल्या भाषेत ‘बघू’ म्हणजे उद्या याच जागी पुन्हा भांडू. पुढं बरेच दिवस आपण भेटलो, हसलो, स्पीकर दुरुस्त केले, पण त्या जागी पुन्हा कुणी पाय ठेवला नाही. आणि मग तू गेलास. भांडण माझ्याकडं ठेवून गेलास, बिरू. एकट्यानं भांडता येत नाही. मी करून बघितलं. दोन्ही बाजूंनी मीच बोलतो आणि दर वेळी तूच जिंकतोस.

दहाव्याला म्हातारी मंडळी माझ्याभोवती जमली. काढून टाका आता, म्हणाली. त्यो होता म्हून थांबलो. मी मान हलवली. आणि दुसऱ्याच दिवशी रिक्षावर रंगवलेल्या नंबरवर सखूचा फोन आला. पलीकडच्या वस्तीवरची, लग्नाला फार काळ झालेला नाही. तिची सासू वाटेची जाणकार होती, ती मागच्या पावसाळ्यात वारली. आता नवरा-बायको पहिल्यांदाच दोघंच मेंढरं घेऊन उतरणार.

“दादा, मला त्या ग्रुपात घ्या की.”

“घेता येत नाही, बाई. अ‍ॅडमिन नाहीत.”

“मंग नकाशा तर हाय नव्हं? सासूनं काय बी सांगितलं न्हाय वो. आमी काय करलालाव आमालाच कळंना. लेकरू हाय कडेवर.”

मी म्हणालो, आहे, नकाशा आहे. फोन ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिलो. काढले तर सखूच्या कडेवरचं लेकरू. ठेवले तर पुढचा जेसीबी हार घालून तयार. एरवी अशा वेळी मी तुला फोन करायचो. या वेळीही केला, सवयीनं. देवळीतला वाजला असणार.

मग मला एक युक्ती सुचली, आणि तुला माहीत आहे, युक्ती सुचली की मी कसा होतो. गोदामात एकटाच फेऱ्या मारल्या. बाकीच्या झिऱ्यांच्या खुणा काढल्या, एकेक करून.  तू मागून येऊन “कोण बांध कोरतंय रं” म्हणशील असं वाटत होतं. आणि त्या सगळ्यांऐवजी एकच निळी खूण ठेवली, तुझ्या घरावर. नावातच लिहिलं, खाली जायची गरज नको: झिरे विचारायचे तर आईला विचारा. ज्याला पाणी हवं त्यानं दारात यायचं. आई माणूस बघेल, करवंटीचं सांगेल, फांदीचं सांगेल, मग वाट सांगेल. रीत आणि जागा एकाच तोंडून. तोंड बघून पाणी नाकारलं म्हणतोस ना? म्हणून तोंड बघायला मी तीच बाई नेमली, जिला नाकारलं होतं. ती कुणाला नाही म्हणणार नाही. यावर तुला काय बोलता येतं ते बघतोच, म्हटलं.

सखूला कळवलं. ती आली, लेकराला घेऊन, अर्धी दुपार आईजवळ बसली आणि वाट पाठ करून गेली. जाताना तिनं आईचे पाय धरले. मला वाटलं, संपलं भांडण. तुला न हरवता, स्वतः न हरता.

परवा मी मोठ्या ऐटीत आईला ते दाखवायला गेलो. तिला वाचता येत नाही, पण वरून दिसणारा डोंगर, ओढा, देवळाचं आवार ती बोटानं ओळखते. मी फोन तिच्या हातात दिला. जिथं जिथं निळे ठिपके होते तिथं आता काही नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग तिला स्वतःचं घर दिसलं, आणि घरावर पाण्याची खूण.

“ह्ये कामून माज्या घरावर?”

मी समजावलं. सगळं, माझ्या नेहमीच्या थाटात, हातवारे करून. वहिनी चुलीपासून ऐकत होत्या. म्हणालो, “आई, आता सगळं पाणी तुमच्याकडं. तुम्ही सांगाल तोच झिरा.”

तिनं घरावरच्या निळ्या खुणेवर बोट टेकवलं. तेवढ्यात देवळीत तुझा फोन वाजला. ग्रुपवर कुणीतरी काहीतरी विचारत असणार. आम्ही तिघांनी तिकडं बघितलं. तो वाजून वाजून गप्प झाला. आईनं माझा फोन माझ्या हातात परत दिला आणि एकदम म्हणाली,

“आन् म्या मेले मंजी? पुन्हा पानी मरायचं व्हय?”